विमानाला हात लावला नाहीस, मग खापर कसं उचललंस?

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर पुढे सरका. पण वेगासच्या आसपास राहणाऱ्या आणि दर उन्हाळ्यात लेक मीडवर जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी मात्र वाचाच, कारण विषय आपलाच आहे.

गेल्या आठवड्यात आपल्या ओळखीतल्या एका मुलाची पोस्ट खूप फिरली. मुलगा चांगला आहे. मी नाव घेणार नाही, कमेंटमध्ये तुम्हीही घेऊ नका. त्यानं गेल्या काही वर्षांतले त्याच्या डायव्हिंगचे फोटो एकत्र करून टाकले होते. पहिले चार फोटो लेक मीडमध्ये बुडालेल्या बी-२९ विमानाचे. हिरवं पाणी, टॉर्चचा झोत, शिंपल्यांनी मढलेला पंख. फोटोखाली अभिमानानं लिहिलेलं, की आम्ही कशालाही हात लावला नाही, पाय मारून गाळसुद्धा उडवला नाही, गाइडनं सांगितलेला प्रत्येक नियम पाळला. वाचून बरं वाटलं.

पाचवा फोटो त्याच्या तळहाताचा. हातात खापराचा एक तुकडा, करड्या रंगाचा, त्यावर काळ्या रेघा. खाली लिहिलेलं: ओव्हर्टनच्या बाजूला, पाणी मागे गेलंय तिथे चिखलात सापडला, फुकटचं सुव्हेनिर.

त्यावर शेकडो लाइक. "मला पण एक आण" अशाही कमेंट. माझ्या दोन मैत्रिणींचे बदाम होते त्यात, म्हणून हे लिहायला बसले.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे ही बाई डायव्हिंगच्या विरोधात आहे असं वाटायला नको. मी चाळिशीत डायव्हिंग शिकले, याच तलावात. वाळवंटात राहून समुद्राचा खेळ शिकले म्हणून माहेरचे अजून हसतात. लेक मीड म्हणजे काही उथळ तळं नाही. पाण्याची पातळीच समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या वर, त्यामुळे समुद्रातली डायव्हची कोष्टकं इथे जशीच्या तशी वापरता येत नाहीत. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट, आणि थोडं खाली गेलं की एका रेषेपाशी हाडं गोठतात. धरण बांधताना वाळू-खडी चाळायला जो कारखाना उभारला होता त्याचे काँक्रीटचे अवशेष पाण्याखाली आहेत, तेही पाहिलेत. बी-२९ सुद्धा एकदा पाहिलंय, परवाना असलेल्या गाइडबरोबर. दोर धरून खाली जाताना आधी काहीच दिसत नाही, आणि मग एकदम समोर धातूची भिंत. आयुष्यात विसरणार नाही.

तर त्या विमानाची गोष्ट. २१ जुलै १९४८. वातावरणाच्या वरच्या थरातल्या संशोधनाचं गुप्त उड्डाण होतं. परतीच्या वाटेवर विमान तलावावर खाली आलं, पाणी आरशासारखं स्थिर, वैमानिकाचा उंचीचा अंदाज चुकला आणि ते पाण्यावर आपटलं. चारपैकी तीन इंजिनं उखडून गेली. आतले पाचही जण जिवंत बाहेर पडले. विमान बुडालं ते बुडालंच. २००१ मध्ये खासगी डायव्हर्सनी सोनार लावून ते शोधलं आणि ते वर काढण्याचा हक्क आपला आहे असं म्हटलं. प्रकरण कोर्टात गेलं. विमान सरकारी मालकीचं आहे, त्यामुळे ते नॅशनल पार्क सर्व्हिसकडेच राहिलं. पार्क सर्व्हिसनं आपले डायव्हर खाली पाठवून त्याची मोजणी केली, नकाशे काढले. नंतर मोजके परवाने, मोजकी माणसं, गाइड सक्तीचा. मला ही पद्धत पूर्ण मान्य आहे. सगळं बंद करा म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कुलूप लावून वारसा टिकत नाही. ज्यानं एखादी गोष्ट डोळ्यांनी पाहिली तोच तिच्यासाठी भांडतो. आणि सोनार आता मासेमारीच्या होडीवरही असतो, लपवणार किती दिवस?

पण मग माझा सवाल असा. पाऊणशे वर्षांहून जुन्या विमानाच्या पत्र्याला बोट लावणं पाप, आणि हजार वर्षं जुन्या माणसाच्या स्वयंपाकघरातलं भांडं खिशात घालणं मजा. हे कसं काय?

त्या मुलाला हे बहुतेक माहीतच नव्हतं, असं मी धरून चालते. कारण कोणी सांगतच नाही. विमानाच्या डायव्हआधी गाइड अर्धा तास बोलला होता. इंजिनं, पंखांची लांबी, शीतयुद्ध, सगळं. त्याच उत्तरेच्या फाट्यात, ज्याला ओव्हर्टन आर्म म्हणतात, पाण्याखाली आणि काठावर माणसांची घरं आहेत, याबद्दल अवाक्षर नाही. ती कसर इथे भरून काढते.

मडी नावाची छोटी नदी उत्तरेकडून येऊन व्हर्जिन नदीला मिळायची. आज ती थेट तलावातच येते. तिच्या खोऱ्यात इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून साधारण ११५० पर्यंत माणसं राहत होती. आधी जमिनीत खणलेली खोलगट घरं, मग जमिनीवर खोल्यांच्या ओळी. मका, भोपळा, घेवडा पिकवायचे. मीठ खणून काढायचे. करड्या मातीची भांडी करून त्यावर काळ्या रेघांची नक्षी काढायचे. हो, तीच नक्षी. वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडणाऱ्या मुलखात हजार वर्षं शेती करून दाखवली त्यांनी. आपण चार बोगनवेली जगवताना पाण्याचं बिल पाहून रडतो.

१९२४ मध्ये स्थानिक पर्किन्स भावांनी हे अवशेष दाखवले, नेवाडाचे गव्हर्नर स्क्रगॅम यांनी पुरातत्त्वज्ञ मार्क हॅरिंग्टन यांना बोलावलं, आणि खोऱ्यात मैलोन्‌मैल पसरलेल्या वस्तीला लॉस्ट सिटी असं झगमगीत नाव मिळालं. हरवलेलं शहर! हरवलं नव्हतं हो ते. तिथल्या पायूट लोकांना ते कायम ठाऊक होतं. आणि तेव्हा ते बुडालेलंही नव्हतं. बुडवलं आपण, म्हणजे या देशानं, हूव्हर धरण बांधून. धरण १९३५ मध्ये उभं राहिलं. १९३३ ते ३५ मध्ये पाणी चढायच्या आत जे निघेल ते काढायचं म्हणून सरकारी योजनेतली बेकार तरुण पोरं फावडी घेऊन खणत होती. जे निघालं त्यातलं काही आज ओव्हर्टनच्या लॉस्ट सिटी म्युझियममध्ये आहे, बरंच दूरच्या संग्रहालयांत गेलं. बाकीचं राहिलं पाण्याखाली.

आता त्याच खोऱ्याच्या तोंडाशी असलेलं सेंट थॉमस बघा. हे आपल्याला पाठ आहे, कारण मंडळाची सहल तिथे गेली होती. १८६५ मध्ये मॉर्मन लोकांनी वसवलेलं गाव. आपण युटाहमध्ये आहोत असं त्यांना वाटत होतं, मोजणीत निघालं नेवाडा, मागच्या वर्षांचा कर मागितला, तेव्हा १८७१ मध्ये बहुतेकांनी गाव सोडलं. पुढे पुन्हा वस्ती झाली. मग धरण आलं. सरकारनं जमिनी विकत घेतल्या. पाणी एवढं वर येणारच नाही असं म्हणत ह्यू लॉर्ड नावाचा गृहस्थ शेवटपर्यंत थांबला आणि जून १९३८ मध्ये पाणी दारात आल्यावर घरातून होडीत बसून निघाला. गावाची स्मशानभूमी त्याआधीच उकरून ओव्हर्टनला नेली होती. मढी मोजून, मानानं, पुन्हा पुरली.

आणि लॉस्ट सिटीतली मढी? तीही उकरली. पण ती पुन्हा पुरायला नाही. हाडं आणि बाजूला ठेवलेली मडकी पेट्यांत भरली, आकडे टाकले आणि संग्रहालयांकडे धाडली. एक धरण, एक खोरं, दोन प्रकारचे मेलेले. त्यांचे वंशज मानले जाणारे होपींसारखे प्युब्लो समाज, आणि त्यांच्यानंतर त्या नदीकाठी राहिलेले सदर्न पायूट, यांना कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. पायूटांची राखीव जमीन तर धरणाच्या कितीतरी आधी, १८७५ मध्येच, छाटून एक हजार एकरांवर आणली होती. विचारायला उरलं कोण?

म्हणून "चिखलात सापडला" या वाक्यानं माझं डोकं फिरलं. सापडला नाही बाळा. कोणाच्या तरी घरात पडलेला होता.

आता येणारे मुद्दे मला माहीत आहेत, कारण त्या पोस्टखाली मी सौम्य शब्दांत लिहिलं तेव्हा ते आलेच.

पहिला मुद्दा, तसंही ते पाण्यात नासणारच होतं, मी वाचवलं. हे दिसायला बरोबर दिसतं. खरं काय आहे? धरणांच्या पाण्यानं जुन्या जागांचं नक्की काय होतं याचा मोठा अभ्यास पार्क सर्व्हिसनंच केला होता, १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. सगळ्यात जास्त नासधूस होते ती खोल पाण्यात नाही. पाणी जिथे वरखाली होतं त्या पट्ट्यात होते. कधी ओलं, कधी कोरडं, लाटांचा मार, आणि मग उघड्या पडलेल्या जागेवर आलेली माणसं. १९८३ मध्ये हा तलाव इतका भरला होता की सांडव्यावरून पाणी गेलं. जुलै २०२२ मध्ये पातळी १,०४० फुटांच्या आसपास आली, म्हणजे जवळजवळ १८५ फूट खाली. खडकावर तो पांढरा पट्टा दिसतो ना, ज्याच्यासमोर आपण सगळे फोटो काढतो, तोच हा नासधुशीचा पट्टा. खोल गाळात खापर शांत पडलेलं असतं. उघडं पडलं की त्याला धोका लाटेचा, आणि आपला. तेव्हा मी वाचवलं म्हणू नका. ज्या नासधुशीतून वाचवल्याचं सांगता, तिच्यातलेच तुम्ही एक.

बरं, तो तुकडा तिथे होता तोवर काहीतरी सांगत होता. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, चुलीजवळ की कोठारात. तुमच्या शोकेसमध्ये तो काय सांगणार? गणपती आणि आयफेल टॉवरच्या मध्ये एक टवका.

दुसरा मुद्दा, एवढासा तुकडा, काय फरक पडतो. वर्षाला लाखो माणसं येतात या तलावावर. करा गुणाकार.

तिसरा मुद्दा एका काकांनी मांडला. विमान हे सैन्याचं, राष्ट्राचं, त्याचा मान वेगळा. काका, वयाचा मान ठेवून सांगते, कायदा असं म्हणत नाही. १९७९ चा पुरातत्त्व संरक्षणाचा संघराज्याचा कायदा आहे. सरकारी जमिनीवरची शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परवानगीशिवाय उचलणं गुन्हा आहे, दंड आणि कैद दोन्ही होऊ शकतात. शंभर वर्षं पूर्ण व्हायला विमानाला अजून वेळ आहे, त्याला दुसरे नियम लागू होतात. म्हणजे वयाच्या हिशेबानं या कायद्यात खापराचा मान मोठा! आणि आपल्यातले निम्मे लोक व्हिसावर आहेत, एवढं लक्षात असू द्या. खिशातल्या टवक्यापायी संघराज्याचा गुन्हा अंगावर घेऊन मग वकील शोधत बसाल.

पण मला कायद्याच्या धाकानं हे थांबायला नकोय. मला का लागलं ते सांगते.

माझं आजोळ पळसदेव. इंदापूर तालुका. उजनी धरणात जुनं गाव बुडितात गेलं. मी तेव्हा आईच्या कडेवर, मला काही आठवत नाही. आठवतं ते आईचं बोलणं. पाणी उतरलं की पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर यायचं, आणि मग लोक होड्या करून बघायला जायचे, अजूनही जातात. पेपरात फोटो येतो. एकदा मामानं आईला नेलं होडीतून. होडीवाला कौतुकानं सांगत होता, इथं चावडी होती, इथं पेठ होती. आई म्हणाली, अरे सावकाश घे, आमच्या माजघरावरनं चाललाय. मामा हसला. आई नाही हसली. आमच्या जोत्याचा एक दगड कोणीतरी पाणी उतरल्यावर नेऊन शेताच्या बांधाला लावला होता, ते तिला कळलं होतं. दगडच तो. किंमत काहीच नाही. मरेपर्यंत तिनं त्या माणसाच्या घरचं पाणी घेतलं नाही.

तर धरणाखालचं गाव म्हणजे काय ते आपल्याला अमेरिकन पुस्तकातून शिकायची गरज नाही. आपल्याकडे कोयनेपासून उजनीपर्यंत प्रत्येक तालुक्यात असं एक घर निघेल. ज्या माणसानं स्वतःच्या आजोळच्या देवळाचे फोटो पाहून डोळे पुसले, त्यानं इथे येऊन दुसऱ्याच्या आजोळातलं खापर उचलावं? इथल्या गोऱ्यांना माफ करीन एक वेळ. आपल्याला नाही करवत.

आणखी एक बोलून घेते, जरा विषय सोडून आहे. २०२२ मध्ये पाणी तळाला गेलं तेव्हा इथे काय जत्रा भरली होती! पिंपात सापडलेलं प्रेत, चिखलातून वर आलेली जुनी लष्करी होडी. रोज नवीन बातमी, रोज नवीन रील. आपल्या ग्रुपवरही "आता पुढे काय निघणार" अशी पैज लागली होती. अरे, वेगासला प्यायचं नव्वद टक्के पाणी तिथून येतं. विहीर आटली म्हणून तळातली भांडी बघायला टाळ्या पिटत कोण जातं? सेंट थॉमसच्या शाळेच्या पायऱ्या २००२ पासून कोरड्या आहेत. त्या पायऱ्यांवर उभं राहून हसरा फोटो काढताना, आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत याचं थोडं तरी भय वाटायला हवं की नको?

असो. पुन्हा डायव्हिंगवर येते.

माझी मागणी साधी आहे. जे लोक डायव्हर्सना त्या फाट्यात नेतात त्यांनी विमानाच्या माहितीबरोबर पाच मिनिटं या घरांसाठी द्यावीत. कुठे आहेत ते सांगू नका, चोरांना नकाशा नकोच. पण आहेत हे सांगा, कोणाची ते सांगा. विमानाजवळ गाळ उडवू नका म्हणून शिकवता, तर काठावर चिखलात चालताना खाली बघून चाला हेही शिकवा. आणि उद्या पाणी पुन्हा चढलं, यातली एखादी जागा डायव्हर्सना दाखवावी असं कोणाच्या डोक्यात आलं, तर आधी पायूटांना आणि होपींना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर नको. मला उत्सुकता असली तरी नको. विमानातले पाचही जण जिवंत घरी गेले, तिथे कोणाची कबर नाही. खोऱ्यात आहेत.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही एक विनंती. पुढच्या सहलीत हूव्हर धरणावर दोन तास टर्बाइन बघून झाल्यावर ओव्हर्टनच्या म्युझियमला एक तास ठेवा. छोटंसं आहे, मातीच्या विटांचं, बाहेर तशी घरं पुन्हा बांधून दाखवली आहेत. मुलांना त्यात वाकून शिरता येतं. काचेमागे त्याच काळ्या रेघांची भांडी आहेत, अख्खी. ती एकदा बघितली की टवका उचलायला हात धजावत नाही, हा माझा अनुभव आहे, कारण खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मीही एक उचलला होता. रात्रभर गाडीच्या कप होल्डरमध्ये पडून होता. सकाळी नेऊन दिला. रेंजर बाईंनी रागावून नाही बघितलं, त्याचीच जास्त लाज वाटली. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, नेमका कुठून उचलला ते आठवतंय का? मला नव्हतं आठवत.

तेव्हा त्या मुलाला, आणि ज्यांच्या घरी असे "सुव्हेनिर" आहेत त्या सगळ्यांना: स्वतः जाऊन परत चिखलात फेकू नका, जागा चुकली तर फेकून उपयोग नाही. तुमच्या फोनमधल्या फोटोत बहुतेक लोकेशन असेल, तो फोटो पुसू नका. तुकडा मऊ कापडात गुंडाळा, धुवायचा नाही. बोल्डर सिटीजवळच्या पार्कच्या केंद्रात देता येतो. एकट्यानं जायला संकोच वाटत असेल तर मला मेसेज करा, नावं माझ्यापाशीच राहतील. बुधवारी मला सुट्टी असते. गाडी मी काढते.